विमानतळावरचे ‘मोफत’ लाउंज : क्रेडिट कार्डामागचा हिशोब

प्रस्तावना

पहाटे पाच-साडेपाचला मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी ओलांडून आत गेलो, की बऱ्याचदा दोन रांगा दिसतात. एक चहा-कॉफीच्या दुकानापुढे आणि दुसरी लाउंजच्या दारापुढे. दुसरी रांग अनेकदा पहिलीपेक्षा मोठी असते. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असते. दाराशी दोन रुपये कापले जातात आणि आत इडली, उपमा, फळे, चहा, बसायला खुर्ची आणि मोबाइल चार्ज करायला जागा मिळते. जवळच एखाद्या बँकेचा प्रतिनिधी टेबल मांडून उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, “सर, लाउंज फ्री मिळेल, कार्ड घेणार का?”

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना नोकरी लागली, की पहिल्या दोन-तीन पगारांतच हा प्रश्न त्यांच्यासमोर येतो. अनेकांचे पहिले क्रेडिट कार्ड लाउंजच्या आकर्षणानेच घेतले जाते. म्हणून अभियांत्रिकी अर्थशास्त्र आणि संक्रिया संशोधन या दोन विषयांत आपण जे शिकतो, ते या उदाहरणाला लावून पाहू. या टिपणात पुढील प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत.

• लाउंजच्या दाराशी कार्ड लावल्यावर नेमके काय घडते?
• आतल्या नाश्त्याचे पैसे कोण देते आणि ते कुठून येतात?
• रांगा का वाढल्या आणि बँकांनी खर्चाच्या अटी का घातल्या?
• आपल्यापुरता हा सौदा फायद्याचा आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

१. लाउंज कोणासाठी सुरू झाले?

विमानतळावरील लाउंजची सुरुवात विमान कंपन्यांनी केली. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. असा कक्ष निवडक प्रवाशांसाठी होता. पुढे महागड्या वर्गाचे तिकीट काढणारे आणि सतत प्रवास करणारे यांना लाउंज मिळू लागले. म्हणजे लाउंजचा हक्क तिकिटाशी जोडलेला होता.

१९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ ही योजना सुरू झाली. विमान कोणत्याही कंपनीचे असो, तिकीट कोणत्याही वर्गाचे असो, या योजनेचा सभासद अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये जाऊ शकत होता. इथे लाउंजचा हक्क तिकिटापासून सुटला आणि स्वतंत्रपणे विकता येणारी वस्तू झाला. वस्तू विकता येते म्हटल्यावर ती घाऊक विकत घेणारेही आले. बँका आणि कार्ड कंपन्या हे ते घाऊक ग्राहक. अमेरिकन एक्स्प्रेसने पुढचे पाऊल टाकले आणि २०१३ मध्ये लास व्हेगसला स्वतःचे पहिले ‘सेंच्युरियन लाउंज’ उघडले.

भारतात या गोष्टीला वेगळे वळण मिळाले. २००३ मध्ये एअर डेक्कन आणि २००६ मध्ये इंडिगो सुरू झाल्यावर कमी भाड्याच्या विमानसेवेचा विस्तार झाला. या तिकिटात जेवण धरलेले नसते. विमानतळावरच्या दुकानांतले पदार्थ महाग. त्यामुळे भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने लाउंज म्हणजे प्रतिष्ठेपेक्षाही पोटभर नाश्त्याची सोय झाली. देशांतर्गत विमानप्रवासी २०१३ मध्ये सुमारे ६.१ कोटी होते; २०२४ मध्ये ते १६ कोटींच्या पुढे गेले. त्याच काळात क्रेडिट कार्डेही वाढली. मार्च २०१९ मध्ये देशात सुमारे ४.७ कोटी क्रेडिट कार्डे वापरात होती. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. हे दोन आकडे पुढे रांगेचा विचार करताना लागतील.

२. दोन रुपयांत काय घडते?

लाउंजच्या दाराशी साधारणपणे चार पक्षांचा संबंध येतो.

• लाउंज चालवणारी कंपनी : ही विमानतळाकडून जागा घेते, कर्मचारी नेमते, जेवण पुरवते.
• मध्यस्थ : हा अनेक लाउंजशी एकीकडे आणि अनेक बँकांशी दुसरीकडे करार करतो, प्रवेशाची नोंद ठेवतो आणि हिशोब जुळवतो.
• कार्डाचे नेटवर्क : व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे इत्यादी.
• कार्ड देणारी बँक.

प्रवासी कार्ड आणि बोर्डिंग पास दाखवतो. कार्ड यंत्राला लावले, की त्याच्या क्रमांकाचे सुरुवातीचे अंक वाचले जातात. या अंकांवरून कार्ड कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे आहे हे कळते. पूर्वी यासाठी पहिले ६ अंक वापरत; २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात बदल होऊन ते ८ करण्यात आले. या अंकांवरून ‘हे कार्ड योजनेत बसते का’ हे ठरते.

मग दोन रुपये कशासाठी? कार्डाचा प्रकार योग्य असला तरी ते कार्ड चालू आहे की रद्द झाले आहे, हे केवळ अंकांवरून कळत नाही. त्यासाठी बँकेपर्यंत एक खराखुरा व्यवहार जाऊन मंजुरी यावी लागते. दोन रुपयांचा व्यवहार ही ती चाचणी आहे. नाश्त्याची किंमत म्हणून हे दोन रुपये घेतलेले नसतात.

खरी किंमत नंतर दिली जाते. लाउंज चालवणारी कंपनी महिन्याभराच्या भेटींचे बिल मध्यस्थाला लावते. मध्यस्थ आपला वाटा धरून ते बँकेला किंवा नेटवर्कला लावतो. प्रत्येक भेटीमागे ठरलेला दर असतो. घाऊक खरेदी असल्याने हा दर थेट दारात पैसे भरून जाणाऱ्याच्या दरापेक्षा कमी असतो. आजकाल अनेक बँका कार्ड लावण्याऐवजी मोबाइलवर क्यूआर संकेत किंवा व्हाउचर देतात. दाराशी दाखवायची वस्तू बदलली, तरी मागे पैशांचा मार्ग तोच राहतो.

इथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की बँक लाउंज विकत घेत नाही; ती भेटी विकत घेते. भेट झाली तरच बँकेला पैसे द्यावे लागतात. पुढचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

३. बँकेकडे हा पैसा कुठून येतो?

समजा, तुम्ही दुकानात १,००० रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डाने केली. दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत. त्यातून व्यापारी सवलत शुल्क कापले जाते. ते २ टक्के धरले तर २० रुपये कापले जाऊन दुकानदाराच्या हाती ९८० रुपये पडतात. या २० रुपयांचे तीन वाटे होतात : दुकानात यंत्र देणारी बँक, नेटवर्क आणि तुम्हाला कार्ड देणारी बँक. सर्वांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. त्याला इंटरचेंज शुल्क म्हणतात. आपल्या उदाहरणात तो १५ रुपये, म्हणजे १.५ टक्के धरू.

बँकेचे क्रेडिट कार्डावरचे उत्पन्न मुख्यतः तीन मार्गांनी येते : इंटरचेंज, वार्षिक वर्गणी व इतर शुल्क, आणि वेळेवर पूर्ण पैसे न भरणाऱ्यांकडून मिळणारे व्याज. तिसरा मार्ग विसरू नका, त्याकडे पुन्हा येऊ.

डेबिट कार्डाची स्थिती निराळी आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्काला मर्यादा घातली : २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारांसाठी कमाल ०.४ टक्के आणि इतरांसाठी ०.९ टक्के. पुढे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील हे शुल्क शून्य झाले. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही. त्यामुळे लाउंजसारख्या सवलतींचा भार पेलण्याची ताकद क्रेडिट कार्डात अधिक आहे.

४. न वापरलेल्या हक्काचे गणित

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पद्धत महत्त्वाची आहे.

एका बँकेने १,००,००० कार्डे दिली आहेत. वार्षिक वर्गणी नाही. प्रत्येक कार्डावर वर्षाला ८ लाउंज भेटी मोफत आहेत. एका भेटीला बँकेला ८०० रुपये पडतात. कार्डधारक सरासरी वर्षाला १,८०,००० रुपये खर्च करतो. इंटरचेंज १.५ टक्के, बँक १ टक्का रक्कम ग्राहकाला बक्षीस गुणांच्या रूपाने परत देते.

एका कार्डामागे : 
इंटरचेंज उत्पन्न = १,८०,००० × १.५% = २,७०० रुपये 
बक्षीस गुणांचा खर्च = १,८०,००० × १% = १,८०० रुपये 
शिल्लक = ९०० रुपये

सर्वांनी आठही भेटी वापरल्या तर एका कार्डामागे ६,४०० रुपये खर्च होईल आणि योजना पहिल्या वर्षीच बुडेल. पण बँकेला माहीत असते, की सगळे कार्डधारक विमानाने जात नाहीत. काही जण वर्षातून एकदा जातात, काहींना वेळ नसतो, काहींना हक्क आहे हेच ठाऊक नसते. समजा, सरासरी वापर एका कार्डामागे ०.६ भेटी आहे.

लाउंज खर्च = ०.६ × ८०० = ४८० रुपये 
शिल्लक = ९०० − ४८० = ४२० रुपये

एक लाख कार्डांवर ४ कोटी २० लाख रुपये उरले. जाहिरातीत मात्र ‘वर्षाला ८ भेटी मोफत’ असे मोठ्या अक्षरांत लिहिता आले. दिलेला हक्क आणि वापरलेला हक्क यांतल्या या फरकावर जिमची वर्गणीही चालते. सर्व सभासद एकाच संध्याकाळी आले, तर जिममध्ये उभे राहायलाही जागा उरणार नाही.

आता हेच कार्ड लोकप्रिय झाले. लाउंजसाठी कोणते कार्ड घ्यावे हे सांगणारे व्हिडिओ आले, मित्रांनी मित्रांना सांगितले, विमानप्रवास वाढला. सरासरी वापर १.५ भेटींवर गेला.

लाउंज खर्च = १.५ × ८०० = १,२०० रुपये 
शिल्लक = ९०० − १,२०० = −३०० रुपये

एक लाख कार्डांवर ३ कोटी रुपयांचा तोटा. कार्ड तेच, अटी त्याच, दरही तेच. फक्त लोकांनी आपला हक्क वापरायला सुरुवात केली. शिवाय अशा जाहिरातीने आकर्षित होणारा नवा ग्राहक हा बहुतेक वेळा लाउंज वापरणाराच असतो. विम्यात जसे आजारी माणसालाच पॉलिसी घेण्याची घाई असते, तसेच हे आहे. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात.

५. रांग का लागते?

बँकेला तोटा होतो, ही बँकेची अडचण. प्रवाशाला त्रास होतो तो रांगेचा. रांगेकडे दोन टप्प्यांत पाहू : आतल्या खुर्च्या आणि दारातले काउंटर.

(अ) खुर्च्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला आहात :

आत असलेल्यांची सरासरी संख्या = तासाला येणारे × प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ

लाउंजमध्ये १५० खुर्च्या आहेत आणि प्रत्येक जण सरासरी सव्वा तास बसतो असे धरू. मग तासाला जास्तीत जास्त १५० ÷ १.२५ = १२० प्रवासी सामावता येतील. पहाटेच्या गर्दीत तासाला १६० आले, तर दर तासाला ४० जणांची भर रांगेत पडत जाते. दोन तास अशी गर्दी राहिली तर ८० जण दाराबाहेर उभे. यांतल्या अनेकांचे विमान तोवर सुटायला आलेले असते.

(आ) काउंटर. आत जागा असली तरी दाराशी रांग लागू शकते. एकच कर्मचारी आहे आणि एका प्रवाशाला सरासरी एक मिनिट लागते असे धरा. म्हणजे सेवादर तासाला ६०. एकाच काउंटरच्या साध्या प्रतिमानात, आगमन आणि सेवा यादृच्छिक धरल्यास, रांगेतली सरासरी प्रतीक्षा अशी निघते :

प्रतीक्षा = वापराचे प्रमाण ÷ (सेवादर − आगमनदर)

तासाला ४८ प्रवासी आले तर वापराचे प्रमाण ०.८. प्रतीक्षा = ०.८ ÷ १२ तास = ४ मिनिटे. 
तासाला ५७ आले तर प्रमाण ०.९५. प्रतीक्षा = ०.९५ ÷ ३ तास = १९ मिनिटे.

प्रवासी ४८ चे ५७ झाले, म्हणजे वाढ सुमारे १९ टक्के. प्रतीक्षा मात्र जवळपास पाचपट झाली. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत हे घडते. म्हणूनच ‘थोडी गर्दी वाढली आणि एकदम लाउंजची रया गेली’ असे प्रवाशांना वाटते. गर्दी खरोखरच थोडीच वाढलेली असू शकते.

क्षमता वाढवणे हा उपाय उघड आहे, पण तो महाग आहे. टर्मिनलमधील जागा मर्यादित असते आणि त्याच जागेत दुकान किंवा उपाहारगृहही चालू शकते. शिवाय लाउंजचे भाडे आणि पगार दुपारी दोनच्या निवांत वेळीही चालूच असतात. पहाटेच्या तीन तासांसाठी वाढवलेली जागा उरलेला दिवस रिकामी राहिली, तर ती कोणालाच परवडत नाही.

६. खर्चाच्या अटी का आल्या?

एखादी वस्तू कमी किमतीत मिळत असेल आणि मागणी पुरवठ्याहून जास्त असेल, तर वाटप कोणत्या तरी मार्गाने करावेच लागते : किंमत वाढवून, रांगेने किंवा पात्रतेची अट घालून. दोन रुपयांची जाहिरात कायम ठेवायची तर किंमत वाढवता येत नाही. रांगेने चांगले ग्राहक नाराज होतात. उरली पात्रतेची अट.

भारतात २०२३ च्या अखेरीपासून हेच झाले. एचडीएफसी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून रिगेलिया कार्डावर लाउंजसाठी तिमाहीत १ लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च आवश्यक केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मर्यादा ७५,००० वर नेली. अ‍ॅक्सिस बँकेने १ मे २०२४ पासून काही कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांत ५०,००० रुपयांची अट लावली. अमेरिकेतही हाच प्रवाह दिसतो : फेब्रुवारी २०२३ पासून सेंच्युरियन लाउंजमध्ये सोबतच्या पाहुण्याला विनाशुल्क न्यायचे असेल, तर वर्षाला ७५,००० डॉलर खर्चाची अट आली.

अशा अटींचा अर्थ आपल्या उदाहरणातून काढू. बक्षीस गुण वजा जाता बँकेकडे खर्चाच्या ०.५ टक्के उरतात. एका भेटीचे ८०० रुपये भरून निघायला किती खर्च हवा?

८०० ÷ ०.००५ = १,६०,००० रुपये

म्हणजे ५०,००० रुपयांच्या अटीतूनही एका भेटीचा खर्च सरळसरळ निघत नाही. तरी अट उपयोगी पडते, कारण जे कार्ड केवळ लाउंजपुरते खिशात ठेवतात आणि एरवी वापरत नाहीत, ते बाहेर पडतात. शिवाय अट पूर्ण करणाऱ्यांपैकीही सगळेच त्या तिमाहीत विमानाने जात नाहीत.

अटीचा आणखी एक परिणाम आहे आणि तो ग्राहकाच्या वागण्यावर होतो. तिमाही संपायला आठ दिवस उरले आहेत आणि खर्च ४२,००० झाला आहे. आणखी ८,००० खर्च केले की लाउंज ‘मोफत’. अशा वेळी गरज नसलेला हेडफोन घेतला जातो. ५०० रुपयांचा नाश्ता मिळवायला ८,००० रुपयांची खरेदी झाली, हे त्या क्षणी लक्षात येत नाही.

७. मधला दुवा तुटला तर?

ही व्यवस्था प्रवाशाला एकसंध दिसते, पण ती करारांच्या साखळीवर चालते. भारतात या साखळीतला मोठा मध्यस्थ ड्रीमफोक्स ही कंपनी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती शेअर बाजारात आली, तेव्हा तिने दिलेल्या माहितीनुसार भारतीय कार्डांवर होणाऱ्या देशांतर्गत लाउंज प्रवेशांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रवेश तिच्यामार्फत होत होते.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर यालाच आपण एकल बिघाडबिंदू म्हणतो. एकाच दुव्यावर इतका भार असेल, तर तो दुवा डळमळताच सगळे थांबते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही सेवा अचानक खंडित झाली आणि अनेक विमानतळांवर प्रवासी कार्ड हातात घेऊन दाराबाहेर राहिले. पुढे बँका आणि लाउंज चालक थेट करार किंवा दुसरे मध्यस्थ यांकडे वळू लागले. अखेर या कंपनीने १६ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत लाउंज सेवा बंद केली.

प्रवाशाने यातून एक व्यवहार्य धडा घ्यावा. कार्डावर लाउंज लिहिलेले असणे आणि आजच्या दिवशी, या टर्मिनलवरच्या, या लाउंजमध्ये ते चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मूल किंवा वृद्ध आई-वडील सोबत असतील, तर केवळ लाउंजच्या भरवशावर उपाशी निघू नये.

८. अखेर पैसे कोण भरते?

पैशाचा माग काढत मागे गेलो, तर आपण दुकानदारापाशी पोहोचतो. कार्डाचे शुल्क हा त्याचा खर्च आहे. तो खर्च तो शक्यतो मालाच्या किमतीत मिसळतो. पण किंमत सर्वांना एकच असते. कार्डाने देणारा, यूपीआयने देणारा आणि रोख देणारा तिघेही तीच किंमत मोजतात. त्यांतल्या एकालाच गुण आणि लाउंज मिळते.

बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेसाठी याचा अंदाज बांधला होता : रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला सुमारे १४९ डॉलर अप्रत्यक्षपणे कार्ड वापरणाऱ्यांकडे सरकवते. हा आकडा भारताला तसाच लावता येणार नाही, कारण आपल्याकडे यूपीआयचा वापर मोठा आहे. पण दिशा तीच राहते. कधीही विमानात न बसलेला माणूस किराणा घेताना दुसऱ्याच्या लाउंजमधल्या नाश्त्याला थोडासा हातभार लावत असतो.

दुसरा भरणारा आहे थकबाकी ठेवणारा कार्डधारक. अनेक कार्डांवर थकबाकीचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. सरळ हिशोबाने हे वर्षाला ४२ टक्के झाले आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याच्या सवलती मोठ्या प्रमाणात या व्याजातून पोसल्या जातात. तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

९. आपला हिशोब कसा मांडायचा?

(अ) भेटीची किंमत आपल्या खिशावरून ठरवा. लाउंजच्या दारावर १,५०० रुपये लिहिले असले, म्हणून तुमचे १,५०० वाचत नाहीत. लाउंज नसते तर तुम्ही काय केले असते? चहा आणि सँडविच घेतले असते तर ४५० रुपये वाचले. घरून पोळी-भाजी नेली असती तर जवळपास काहीच वाचले नाही.

(आ) वर्गणी वजा करा. वार्षिक वर्गणी २,५०० रुपये असेल, तर जीएसटीसह २,९५० होतात. वर्षात ४ भेटी, प्रत्येकी ४५० रुपये धरल्यास फायदा १,८०० रुपये. केवळ लाउंजसाठी हे कार्ड घेतले तर वर्षाला १,१५० रुपयांचा तोटा आहे.

(इ) एका चुकीची किंमत पाहा. २०,००० रुपये एक महिना थकले, तर ३.५ टक्क्यांनी व्याज ७०० रुपये आणि जीएसटी १२६, एकूण ८२६ रुपये. एका महिन्याच्या विसराळूपणात जवळपास दोन भेटींचा फायदा गेला. ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे व्याज लागत नाही, हा गैरसमज आहे. ती भरल्याने विलंब शुल्क टळते; व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

(ई) अटी वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या मागणीशिवाय कार्ड देता येत नाही आणि महत्त्वाच्या अटी स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. कार्ड बंद करण्याची विनंती थकबाकी नसल्यास कामकाजाच्या ७ दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. प्रतिनिधी तोंडी काय म्हणाला यापेक्षा छापील अट ग्राह्य धरली जाते.

सारांश

लाउंजची भेट बँकेने घाऊक विकत घेतलेली असते. तिचे पैसे इंटरचेंज, वर्गणी आणि व्याज यांतून येतात. बहुसंख्य लोक हक्क वापरणार नाहीत, या अंदाजावर ही योजना उभी असते. वापर वाढला की आधी रांग लागते आणि मग अट येते. ज्याचा खर्च तसाही होणार आहे, जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो आणि जो वर्गणीत अडकलेला नाही, त्याने लाउंजमध्ये निश्चिंत नाश्ता करावा. ज्याला लाउंज मिळवण्यासाठी खर्च वाढवावा लागतो, त्याने दुकानातला चहा घ्यावा. तो स्वस्त पडतो.

स्वाध्याय

१. विभाग ४ मधील उदाहरणात सरासरी किती भेटींना बँकेचा नफा-तोटा शून्य होईल?
२. बक्षीस गुणांचा खर्च १ टक्क्याऐवजी ०.५ टक्के असेल, तर एका भेटीचा खर्च भरून निघण्यासाठी किती रुपयांची खरेदी लागेल? विभाग ६ मधील प्रत्यक्ष अटींशी तुलना करा.
३. १५० खुर्च्यांच्या लाउंजने बसण्याची सरासरी वेळ सव्वा तासावरून पाऊण तासावर आणली, तर तासाला किती प्रवासी सामावतील? विमान उशिरा सुटणाऱ्या दिवशी हे गणित का कोलमडेल?
४. तासाला ५७ प्रवासी येत असताना दारातील तपासणीचा वेळ ६० सेकंदांवरून ५० सेकंदांवर आणला, तर सरासरी प्रतीक्षा किती होईल?
५. तुमच्या घरातील एका कार्डाच्या महत्त्वाच्या अटींचा कागद मिळवा. विभाग ९ मधील पद्धतीने त्या कार्डाचा वर्षाचा नफा-तोटा काढा आणि तो घरच्यांना समजावून सांगा.